रॉकफेलर विद्यापीठातील पेशीजीवशास्त्र विभाग

रॉकफेलर विद्यापीठातील पेशीजीवशास्त्र विभाग : न्यूयॉर्कमधील रॉकफेलर संस्थेत (स्थापना १९०१, 'विद्यापीठ' हे नाव १९६५ पासून) विसाव्या शतकाच्या मध्यास आकाराला आलेला संशोधकांचा गट. आधुनिक पेशीजीवशास्त्राची पायाभरणी प्रामुख्याने येथे झाली. या संस्थेत नेहमीच्या अर्थाने विभाग नसत. एकेका ज्येष्ठ संशोधकाभोवती प्रयोगशाळा उभी राही. त्यामुळे येथे 'विभाग' म्हणजे एका कामाने बांधलेली माणसे असेच समजावे.

सुरुवात कर्करोग संशोधनातून झाली. बेल्जियमहून १९२९ मध्ये आलेले आल्बेर क्लोद कोंबडीतील एका गाठीला कारण ठरणारा विषाणू वेगळा काढू पाहत होते. पेशी फोडून अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी बारीक कण बसत. मात्र निरोगी कोंबडीच्या भ्रूणातूनही जवळजवळ तसेच कण निघाले. निराश न होता क्लोद यांनी आपला प्रश्नच बदलला : हे कण निरोगी पेशीत काय करतात? पेशीचे घटक वजनानुसार वेगळे करण्याची पद्धत त्यातून तयार झाली.

पेशीचे भाग वेगळे करता आले, तरी अखंड पेशीत ते कुठे असतात हे पाहणे बाकी होते. संस्थेकडे तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता. तो शहरातील इंटरकेमिकल या छपाईच्या शाई बनवणाऱ्या कंपनीकडे होता. कॅनडात जन्मलेले कीथ पोर्टर यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशी पातळ पापुद्र्यावर वाढवल्या आणि कंपनीतील अर्नेस्ट फुलम यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. अनेक चित्रे जोडून तयार झालेले अखंड पेशीचे पहिले इलेक्ट्रॉन चित्र १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. फुलम यांचे नाव या शोधनिबंधावर आहे आणि ते तसे असणेच न्याय्य होते. यंत्र हाताळणाऱ्याच्या कौशल्यावर या शास्त्राचे बरेच काही अवलंबून आहे.

रुमानियाहून अमेरिकेत आलेले जॉर्ज पालादे यांनी १९४६ मध्ये क्लोद यांचे व्याख्यान ऐकले आणि त्याच वर्षी ते या गटात आले. पेशी फोडताना साध्या पाण्याऐवजी साखरेचे द्रावण वापरले, तर तंतुकणिका शाबूत राहतात, हे १९४८ मध्ये गटातील होगेबूम, श्नायडर आणि पालादे यांनी दाखवले. सूक्ष्मदर्शकासाठी पेशी टिकवताना ऑस्मियमच्या द्रावणाची आम्लता आवरण्याची पालादे यांची कृती १९५२ मध्ये आली. सहकारी तिला प्रेमाने 'पालादेचे लोणचे' म्हणत. पोर्टर आणि जोसेफ ब्लम यांनी पेशीचे अतिशय पातळ काप घेणारे यंत्र तयार केले. क्लोद ब्रुसेल्सला परतल्यावरही संचालक हर्बर्ट गॅसर यांनी पोर्टर आणि पालादे यांचे काम मोडू दिले नाही. आंतर्द्रव्यजालिकेचे बारकावे आणि पुढे रायबोसोम म्हणून ओळखल्या गेलेल्या कणिका संस्थेच्या तळघरातील त्यांच्या प्रयोगशाळेत स्पष्ट झाल्या.

या गटाचे खरे बळ त्याच्या एकत्र राहण्यात होते. त्या काळी चित्र पाहणारा आकारशास्त्रज्ञ आणि द्रावण मोजणारा जीवरसायनशास्त्रज्ञ सहसा एकमेकांवर विश्वास ठेवत नसत. येथे १९५४ पासून फिलिप सिकेविट्झ हे रसायनशास्त्राच्या बाजूने आणि पालादे सूक्ष्मदर्शकाच्या बाजूने एकाच नमुन्यावर काम करू लागले. सेंट्रिफ्यूजच्या नळीत बसलेला गाळ म्हणजे पेशीतील नेमकी कोणती रचना, हे दोघांनी मिळून ठरवले. चित्रांविना रसायनशास्त्र आंधळे राहिले असते, तर रसायनशास्त्राविना चित्रे केवळ देखणी.

या सहकार्याचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे गिनीपिगच्या स्वादुपिंडावरील प्रयोग. जेम्स जेमीसन आणि पालादे यांनी १९६७ मध्ये ऊतीच्या कापांना सुमारे तीन मिनिटे किरणोत्सारी ल्यूसीन दिले आणि नंतर साधे ल्यूसीन देऊन नव्या प्रथिनाचा माग काढला. ते आधी खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत, काही मिनिटांत गॉल्गी संकुलाच्या परिसरात आणि सुमारे दोन तासांनी स्रावकणिकांमध्ये सापडले. पेशीत तयार होणारे प्रथिन ठरलेल्या वाटेने बाहेर जाते, हे प्रत्यक्ष दिसले.

गटाने स्वतःपुरते पाहिले नाही. तेव्हाच्या नियतकालिकांत सूक्ष्मचित्रे नीट छापली जात नसत, म्हणून संस्थेने १९५५ मध्ये स्वतंत्र नियतकालिक काढले. ते १९६२ पासून 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी' या नावाने ओळखले जाते. अमेरिकन पेशीजीवशास्त्र संघ १९६० मध्ये स्थापन झाला, त्यातही पोर्टर यांचा पुढाकार होता. पालादे यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्या मॅरिलिन फार्क्वार पुढे या संघाच्या अध्यक्षा झाल्या. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या संधींवरील त्यांचा पालादे यांच्यासोबतचा १९६३ मधील निबंध आजही पायाभूत मानला जातो.

पोर्टर १९६१ मध्ये हार्वर्डला गेले. लयकारिकांचा शोध लावणारे क्रिस्तियाँ द द्यूव १९६२ पासून लुव्हाँ विद्यापीठाबरोबरच येथेही काम करू लागले. क्लोद, द द्यूव आणि पालादे यांना १९७४ मध्ये वैद्यकाचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. पोर्टर यांना वगळले गेले, ही उणीव अनेक सहकाऱ्यांना खटकली. तोवर पालादे आणि फार्क्वार १९७३ मध्येच येल विद्यापीठात गेले होते आणि तेथे त्यांनी नवा पेशीजीवशास्त्र विभाग उभारला. १९९० मध्ये दोघे सॅन दिएगोला गेले. न्यूयॉर्कमध्ये या गटातील ग्युंटर ब्लोबेल थांबले. प्रथिनातच त्याच्या मुक्कामाचा संकेत लिहिलेला असतो, हा विचार त्यांनी डेव्हिड साबातिनी यांच्यासह १९७१ मध्ये मांडला आणि १९७५ मध्ये प्रयोगाने दृढ केला. त्यासाठी त्यांना १९९९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. पुरस्काराची जवळपास सगळी रक्कम त्यांनी ड्रेस्डेनमधील उद्ध्वस्त झालेले चर्च आणि सिनेगॉग पुन्हा उभारण्यासाठी दिली.