नाताळ : शब्द आणि ओवी
सूर्येकाठच्या मासवणहून तारापूरचा किल्ला फार दूर नाही. १७३९ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. त्याच वर्षी वसईही घेतली. सत्ता गेली, पण तिच्याबरोबर आलेला ‘नाताळ’ मराठीतच राहिला. मूळ लॅटिन शब्द जन्मवाचक. (१४९७ च्या नाताळात वास्को द गामाने आफ्रिकेच्या एका किनाऱ्यालाही हेच नाव दिले!) ‘ख्रिसमस’ आपल्याकडे पुढे इंग्रजीतून आला. गंमत अशी की, येशूजन्माची कथा मराठी ओवीत सांगणारे फादर स्टीफन्स जन्माने इंग्रजच. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. वर्गात आपण त्यातील मराठीची स्तुती तेवढी शिकवतो. ज्या कथेसाठी ती ओवी योजली, ती मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच भेटते.