चिलमीचें कीट



तंबाखूचा इतिहास सांगतांना राजेरजवाड्यांच्या रत्नजडित हुक्क्यांचीं वर्णनें आवडीनें केलीं जातात. त्या हुक्क्यांची आणि शेतकऱ्याच्या मातीच्या चिलमीची रोजची साफसफाई हा विषय मात्र क्षुल्लक म्हणून मागें राहतो. आज मी त्याविषयींच बोलणार आहें. ज्या वस्तूची माणूस नित्य निगा राखतो, तिच्याविषयीं त्याला काय उमजलें होतें आणि काय उमजलें नव्हतें, हें त्या निगेवरूनच उत्तम कळतें. उदाहरणादाखल आपण बारामती-इंदापूरचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवूं.

हा मुलूख नीरेच्या उत्तर कांठचा. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपुराजवळ नीरा भीमेला मिळते. सतराव्या शतकाच्या आरंभीं अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांची ओढाताण याच पट्ट्यांत चाले; मालोजीराजे भोसले इंदापुरासच धारातीर्थीं पडले. तंबाखूच्या दृष्टीनें यांतील विजापूरचा शेजार महत्त्वाचा आहे. अमेरिकेंतील ही वनस्पति पोर्तुगीजांनीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणली आणि दक्षिणेंतील दरबारांत ती लवकरच रुळली. अकबराचा वकील असद बेग विजापुरास गेला असतां त्याला ती तेथें आढळली. 1604-05 च्या सुमारास त्यानें ती एका सुंदर नळीसह आग्र्यास नेऊन बादशहापुढें ठेवली. त्या नळीचीं टोकें रत्नांनीं व मीनाकामानें मढविलेलीं होतीं आणि मुखाशीं येमेनी अकीक बसविलेला होता, असें तो स्वतःच लिहितो. दरबारच्या हकिमानें या नव्या वस्तूला हरकत घेतली, पण ती टिकली नाहीं. 1617 मध्यें जहांगिरानें काढलेला मनाईहुकूमही असाच व्यर्थ गेला.

पाण्यांतून धूर ओढण्याची युक्ति अकबराचा हकीम अबुल फत्ह गिलानी यानें काढली, अशी एक कथा आहे. परंतु हा हकीम 1589 सालींच निवर्तला, आणि असद बेगाच्या सांगण्याप्रमाणें आग्र्याच्या दरबाराला तंबाखूची ओळख त्यानंतर पंधरा वर्षांनीं झाली. तेव्हां ही कथा जपूनच घेतली पाहिजे. तिच्यामागची समजूत मात्र मोलाची आहे. पाण्यानें धूर शुद्ध होतो, हा विश्वास लोकांच्या मनांत किती खोल गेला होता, हें तीवरून दिसतें.

दरबारांतून तंबाखू शिवारांत उतरावयास फार काळ लागला नाहीं. महाराष्ट्रांतील उत्खननांत वरच्या थरांत भाजलेल्या मातीच्या चिलमी सांपडतात, आणि चिलीम दिसली कीं तो थर तंबाखूच्या आगमनानंतरचा, असा अंदाज संशोधक बांधतात.

चिलमीची रचना साधी. वर रुंद तोंड, खालीं निमुळती नळी. तंबाखू खालीं घसरूं नये म्हणून नळीच्या गळ्याशीं एक खडा ठेवावयाचा आणि वर गोवरीचा विस्तव. नळीच्या टोकाला ओल्या फडक्याची घडी गुंडाळीत, तिला छापी म्हणतात. छापीनें धूर थोडा निवतो आणि राखेचे कण अडतात. शिवाय चिलीम मुठींत धरून मुठीतून झुरका घेतला म्हणजे ओंठ नळीला लागत नाहींत. एकच चिलीम दहा जणांत फिरे, तेथें या उष्ट्या-सोंवळ्याच्या सोयीला फार महत्त्व होतें. ज्याला समाजानें वाळींत टाकलें, त्याचें हुक्कापाणी बंद झालें असें म्हणत, तें उगाच नव्हे.

आतां सफाई. मातीला सूक्ष्म छिद्रें असतात, म्हणून धुरांतील काळा चिकट अंश, म्हणजे कीट, तिच्यांत मुरतो. नुसत्या पाण्यानें तो निघत नाहीं. म्हणून खडा काढून खरवडावयाचा, चिंधीची लांब पट्टी पिळून नळींतून ओंवावयाची आणि ती पुढेंमागें ओढून आंतली भिंत घांसावयाची. एवढ्यानेंही भागलें नाहीं, तर चिलीम निखाऱ्यांत ठेवून कीट जाळून टाकावयाचें. मातीच्या वस्तूला अग्नीचें भय नसतें.

हुक्क्याची निगा अधिक खर्चाची. त्याचें पाणी रोज बदलावें लागे, नळी गजानें साफ करावी लागे आणि पितळी भांडें राख-चिंचेनें घांसावें लागे. बिदरच्या काळ्या धातूवर रुप्याची वेलबुट्टी असलेल्या भांड्याला मात्र हलका तेलाचा हातच मानवतो. श्रीमंतांघरीं या कामाला हुक्केबरदार असे. नारळाच्या गुडगुडीचा धनी तें काम स्वतःच करी. हुक्क्याची तंबाखू गुळांत मळलेली असे. ती जळतांना धूर मधुर होई, पण चिकटाही वाढे. याच बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानांत 1885 पासून नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी खेळूं लागलें आणि पुढें ऊंस व गूळ ही या भागाची ओळख ठरली.

इंग्रजी अमलांत साहेबाचा लांकडी पाइप आला. भूमध्यसागराच्या कांठच्या एका झुडुपाच्या मुळाच्या गांठीपासून तो कोरतात. त्याची रीत चिलमीच्या उलट. लांकूड जळूं नये म्हणून नव्या पाइपांत प्रथम थोडी थोडी तंबाखू ओढून आंत कोळशाचा पातळ थर धरूं द्यावयाचा. तो नाण्याच्या जाडीहून वाढला कीं खरवडावयाचा, पण मुळींच काढून टाकावयाचा नाहीं. नळी लोंकर गुंडाळलेल्या तारेनें पुसावयाची आणि पाइपाला एखादा दिवस विसांवा द्यावयाचा.

या सर्व खटाटोपाला विसाव्या शतकांत विडीनें पूर्णविराम दिला. सिन्नर, सोलापूर येथें वळलेली विडी काड्याच्या पेटीबरोबर खिशांत मावूं लागली. तिला छापी नको, खडा नको, विस्तव नको आणि मुख्य म्हणजे सफाई नको. ओढावी आणि फेकून द्यावी. चिलीम मागें पडण्याचें हें एक मोठें कारण होय. परंतु त्याबरोबर एक साक्षीदारही नाहींसा झाला. चिलीम ओढणाऱ्याला आपल्या धुराचें काळें कीट चिंधीवर रोज दिसे. विडी ओढणाऱ्याला तें दिसेनासें झालें.

जें कीट मातीला चिकटतें, तेंच फुप्फुसालाही चिकटतें. तेथें मात्र चिंधी फिरवितां येत नाहीं. लंडनमध्यें डॉल आणि हिल या दोघा संशोधकांनीं 1950 सालीं धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. पाण्याविषयींचा जुना विश्वासही खोटा ठरला आहे. पाण्यानें धूर निवतो, पण त्यांतील विषारी द्रव्यांपैकीं बहुतेक पार होऊन छातींत जातात. निखाऱ्यापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायु तर पाणी अडवीतच नाहीं. अनेकांच्या हातांतून फिरणाऱ्या नळीनें क्षयासारख्या रोगांचें भय वाढतें तें निराळेंच. महाराष्ट्रांत 2018 सालीं हुक्का-पार्लरांवर बंदी आली, ती या ज्ञानाला धरूनच.

तुकोबांच्या गाथेंत तंबाखू ओढणाऱ्यांची कडक शब्दांत हजेरी घेणारा अभंग आहे. त्यांची पालखी देहूहून पंढरीस जातांना याच बारामतींतून, काटेवाडी, बेलवाडी आणि निमगांव केतकी मागें टाकीत इंदापुरास पोंचते. तुकोबांनीं निषेध केला तो धर्मबुद्धीनें. अकबराच्या हकिमानें हरकत घेतली ती वैद्यकीच्या दृष्टीनें. आणि चिलमीचा धनी तर रोज चिंधी काळी करून तिच्यावरील पुरावा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत होता. तरीही तीनशें वर्षें लोकांनीं नळी स्वच्छ केली आणि धूर स्वच्छ झाला असें मानिलें. संग्रहालयांत एखादा नक्षीदार हुक्का पाहण्याचा योग आला, तर त्याच्या कारागिरीचें कौतुक अवश्य करावें. पण त्याच्या नळीच्या आंतही एकवार डोकावून पाहावें, एवढीच विनंति.