इंजिन राखणारे हात

शेतीच्या पाण्याचा इतिहास आपल्याकडे धरणांच्या आणि कालव्यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. खडकवासल्याचे धरण कधी झाले, मुठा कालवा कुठवर आला, चिंचणीला घोड नदी कधी अडवली, हे शोधू म्हटले तर कागद सापडतात. पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत जिथे कालव्याचे पाणी चढत नव्हते, तिथे विहिरीच्या आणि नदीच्या काठावर एक लोखंडी यंत्र वर्षानुवर्षे धडधडत होते. त्या डिझेल इंजिनाचा आणि ते चालते ठेवणाऱ्या माणसांचा इतिहास मात्र कोणत्याच दप्तरात नाही. तो काही वृद्ध मिस्त्र्यांच्या बोटांत आणि कानांत आहे. गेली काही वर्षे मी न्हावरे, केडगाव, पाटस, यवत अशा गावांतून या माणसांना भेटत आलो आहे. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

हा मुलूख तसा घोड्यांचा. भीमेच्या काठची ही जुनी भीमथडी. इथल्या काटक तट्टांनी मराठ्यांच्या फौजा वाहिल्या. शिरूरला आजही जुनी माणसे ‘घोडनदी’ म्हणतात. इंग्रजांची छावणी तिथे होती आणि ‘पुना हॉर्स’ या घोडदळाची उभारणी १८१७ साली तिथेच झाली. पुढे याच प्रदेशात ‘हॉर्सपॉवर’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आला, तो मात्र युद्धासाठी नाही, पाण्यासाठी. ‘पाच हॉर्सचे इंजिन’ म्हणजे किती पाणी, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळू लागले.

त्याआधी मोट होती. बैलांची जोडी, हाकणारा गडी आणि दारे धरणारे माणूस इतके जण दिवसभर राबले, तर थोडा वाफा भिजायचा. उन्हाळ्यात विहीर खोल जाई, नाडा लांबे आणि बैल थकत. बैलांना विसावा द्यावाच लागे. इंजिनाला विसावा लागत नाही, असे सुरुवातीला वाटले. तो समज चुकीचा होता आणि अनेकांना तो महागात पडला.

या इंजिनाचा उगम युरोपातला. अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट नावाच्या इंग्रज संशोधकाच्या कल्पनेवरून ग्रँटहॅमच्या हॉर्न्सबी कारखान्याने १८९० च्या दशकात जड तेलावर चालणारी इंजिने बनवली. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे यशस्वी इंजिन १८९७ साली औग्सबुर्ग येथे चालले. त्यातले तत्त्व साधे आहे. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते आणि तिच्यात सोडलेले तेल ठिणगीशिवाय पेटते.

आपल्याकडे हे यंत्र घडवण्याचा पहिला मान साताऱ्याच्या कूपर कारखान्याला दिला जातो. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली हा कारखाना सुरू केला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे डिझेल इंजिन तयार झाले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. चिंचवडला रस्टन अँड हॉर्न्सबीचा कारखाना आला. शिरूर नगर रस्त्यावर, तर दौंड रेल्वेवर. त्यामुळे कारखाने आणि ही गावे यांत अंतर फार नव्हते. पुण्याहून सुटा भाग एसटीच्या टपावरून दुसऱ्या दिवशी येऊ शकत असे. दौंड तर रेल्वेचे जुने जंक्शन. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ चा. तिथल्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमुळे पाना, फाईल आणि घण हाताळणारी माणसे गावात होतीच. मला भेटलेल्या एका मिस्त्रींचे वडील शेडमध्ये फिटर होते. “वाफेच्या इंजिनाला कान लावून दोष ओळखायचा, ही आमच्या घरातली विद्या,” असे ते सांगत.

आता या यंत्राची भूक किती नाजूक आहे ते पाहू. विहिरीवरच्या नेहमीच्या पाच हॉर्सच्या इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनची धाव ११० मिलिमीटर. मिनिटाला ते १५०० फेरे घेते. दर दोन फेऱ्यांना एकदा तेलाची फवार बसते, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा आणि तासाला ४५ हजार वेळा. पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल लागते. भागाकार केला तर एका फवारीत अर्ध्या थेंबाइतकेच तेल येते. हे अर्धा थेंब तेल सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाने, धुक्यासारखे उडवावे लागते. त्यासाठी पंपातली दांडी आणि तिची नळी यांच्यात जी फट असते, ती केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट बारीक. म्हणूनच मिस्त्री डिझेल गाळायला सांगतात. गंजक्या डब्यातला एक कण या फटीत गेला की पंप अडतो किंवा झिजतो.

हवेचेही तसेच. हे इंजिन मिनिटाला जवळजवळ चारशे लिटर हवा ओढते. चैत्र-वैशाखात पूर्व शिरूरच्या माळावर उडणारा फुफाटा आपण पाहिला असेल. केडगाव-यवत भागातल्या गुऱ्हाळांवर चरक फिरवणाऱ्या इंजिनाभोवती उसाच्या चिपाडांचा भुसा आणि चुलवणाची राख असे. ही सारी धूळ तेलाच्या वाटीतून गाळून आत जावी, अशी योजना कारखान्याने केलेली असते. पण कित्येक जण ती वाटी काढून ठेवत. इंजिनाला मोकळा श्वास मिळतो, असे त्यांना वाटे. धूळ आत जाऊन वंगणाच्या तेलात मिसळली की तिची घासणारी पेस्ट होते आणि लायनर, पिस्टन, रिंगा एका मोसमात खाऊन टाकते.

सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट मला दौंड तालुक्यातल्या एका मिस्त्रींकडून कळली. सत्तरच्या दशकात भीमेकाठच्या एका शेतकऱ्याने कर्ज काढून इंजिन घेतले. दोन हंगामांत ते तेल जाळू लागले, निळा धूर सोडू लागले, हँडल मारून चालू होईना. इंजिनच खराब निघाले, नवे घ्या, असा सल्ला त्याला मिळाला. नवे घ्यायचे तर उरलेली दोन एकर गहाण पडणार होती. मिस्त्री आले, त्यांनी इंजिन कसेबसे चालू करून घेतले आणि थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला. पाणी गार होते. पंपाच्याच नळीतून फाटा काढून विहिरीचे थंडगार पाणी सिलिंडरभोवती भरधाव सोडलेले होते. इंजिन जितके थंड तितके चांगले, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात डिझेलमध्ये गंधक असते, जळताना वाफही तयार होते. सिलिंडरची भिंत फार थंड राहिली की त्या वाफेचे पाणी होऊन गंधकाचे आम्ल बनते. ते आम्ल लायनर कुरतडते. मिस्त्रींनी नवा लायनर, पिस्टन आणि रिंगा बसवल्या आणि पाण्याच्या फाट्यावर एक कॉक लावला. “बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात जेमतेम ठेवता आला पाहिजे, एवढाच कॉक उघडा,” हे त्यांचे माप. साठ अंशांच्या आसपासचे तापमान असे हातानेच मोजले जाई. ते इंजिन पुढे पुष्कळ वर्षे चालले आणि जमीन गहाण पडली नाही.

अशी मापे या लोकांनीच घडवली. कारखान्याच्या पुस्तिकेत वंगण किती तासांनी बदलावे ते लिहिलेले असे. पण शेतावर तास मोजणार कोण? न्हावऱ्याच्या बाजूचे एक मिस्त्री सांगत, “डिझेलचे एक बॅरल संपले की तेल बदला.” हिशेब करून पाहा. बॅरल दोनशे लिटरचे, तासाला लिटरभर खर्च, म्हणजे दोनशे तासांच्या आत-बाहेर. धुराचीही भाषा होती. काळा धूर म्हणजे हवा अडली किंवा नोझल गळते, निळा म्हणजे वंगण जळते, पांढरा म्हणजे तेल न जळताच बाहेर पडते. यांतले बरेचसे पुस्तकातही सापडेल. पण पुस्तक इंग्रजीत होते आणि मिस्त्री गावात होते.

मोबदला नेहमी रोख नसे. कोणी ज्वारी देई, कोणी गुळाची ढेप. मात्र ऐन उन्हाळ्यात रात्री निरोप आला तरी जावे लागे. उसाला पाण्याची पाळी आठवडाभर चुकली, कांद्याला तर चार दिवस, तर वर्षाचे गणित बिघडते. १९७२ च्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, तेव्हा इंजिने विहिरीच्या आत, कडेला कोरलेल्या ओट्यावर उतरवली गेली. तिथे धूर साचे. मिस्त्री ओला पंचा तोंडाला बांधून खाली जात. वरच्याने हाक द्यायची, खालच्याने ओ द्यायची, असा नियम होता. ओ आली नाही तर दोर ओढायचा.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव जगभर कडाडले. तेव्हा देखभालीकडे सरकारचेही लक्ष गेले. १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली आणि शेतीपंपांतल्या तेलबचतीचा प्रचार सुरू झाला. मोठा फूटव्हॉल्व्ह, गुळगुळीत नळ्या, योग्य तापमानाचे पाणी यांनी डिझेल वाचते, असे सांगितले जाऊ लागले. आमचे मिस्त्री हसून म्हणत, “सरकारला आता कळले!” पुढे वीज वाडी-वस्तीवर पोहोचली, विजेच्या मोटारी आल्या आणि विहिरीवरची इंजिने एकेक करून गप्प झाली. काही भंगारात गेली, काही गोठ्याच्या कोपऱ्यात वीज गेल्यावरचा आधार म्हणून राहिली.

डिझेल इंजिन मात्र शेतातून गेले नाही, ते ट्रॅक्टरवर चढले. आज भीमा-घोडच्या पट्ट्यात ऊस तोडणारी यंत्रे फिरतात, त्यांची इंजिने दोनशे हॉर्सच्या घरातली असतात. नव्या इंजिनांत तेलाचा दाब जुन्याच्या सात-आठ पट किंवा त्याहूनही जास्त असतो आणि फवार संगणक ठरवतो. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सहून मोठ्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले आहेत. हे चांगलेच झाले. विहिरीच्या धुरात छाती जाळून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. पण या इंजिनाचा दोष कानाने किंवा हाताने सापडत नाही. त्याला कंपनीचा संगणक जोडावा लागतो आणि तो गावातल्या मिस्त्रीकडे नसतो. हंगामात यंत्र अडले तर तोडलेला ऊस फडात वाळतो, त्याचे वजन घटते. नुकसान शेतकऱ्याचे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार सुरू केला, त्यात निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत. त्याची चर्चा शहरात मोबाइलपुरती होते. ती खरी व्हायला हवी ती न्हावऱ्याच्या आणि पाटसच्या गॅरेजमध्ये.

त्यासाठी दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. नव्या यंत्रांच्या पुस्तिका आणि प्रशिक्षण मराठीत मागणे, ही पहिली. दुसरी त्याहून सोपी. आपल्या गावात असा एखादा जुना मिस्त्री असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा. बॅरलचे माप, कॉकचे माप, धुराचे रंग, विहिरीतल्या हाका, जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. मला भेटलेल्यांपैकी तिघे आता नाहीत. त्यांच्याकडून जेवढे लिहून घेतले, तेवढेच माझ्याजवळ आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)