टी ट्री तेलाची दोन आयुष्यं

फेसवॉशच्या नळीवर, दाढीच्या क्रीमवर, आफ्टरशेव्हच्या बाटलीवर आज टी ट्री तेलाचं नाव दिसलं नाही तरच नवल. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा ‘हजारो वर्षांची परंपरा’ अशा अर्थाचं एखादं वाक्यही असतं. प्रत्यक्षात बाटलीबंद स्वरूपातलं हे तेल जेमतेम शंभर वर्षांचं आहे. एवढ्या आयुष्यात ते एकदा गाजलं, पुरतं विसरलं गेलं आणि पुन्हा गाजलं. तेल मात्र दोन्ही वेळी तेच होतं. बदलली ती माणसांची भीती: पहिल्या खेपेला जखम चिघळण्याची, दुसऱ्या खेपेला प्रयोगशाळेत बनलेल्या रसायनांची. हे तेल नेमकं कशावर, किती टक्के आणि किती ताजं वापरायचं, हे प्रश्न मात्र दोन्ही खेपांना कीर्तीच्या मागून रखडत आले. दाढीनंतर हे तेल चेहऱ्याला लावावं की नाही, याचं उत्तरही या उशिरा आलेल्या प्रश्नांतच आहे.

या झाडाचा चहाशी काही संबंध नाही. शास्त्रीय नाव मेलाल्युका अल्टर्निफोलिया, कूळ निलगिरीचं आणि लवंगेचं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यात, रिचमंड आणि क्लॅरेन्स नद्यांच्या सखल, दलदलीच्या पट्ट्यात ते मुळात उगवतं. हा प्रदेश बुंदजालुंग लोकांचा. ही पानं चुरगाळून त्यांचा वास सर्दी-खोकल्यावर घेणं आणि जखमेवर पानं घालून वर लेप बांधणं, हे उपचार त्यांच्याकडे होते. जाहिरातींना याच्या जोडीला कॅप्टन कुकही हवा असतो. त्याच्या खलाशांनी या झाडाच्या पानांचा चहा केला, असं सर्रास सांगितलं जातं. पण मे १७७० मध्ये कुक या किनाऱ्यावरून गेला तो केप बायरनला नाव देऊन, तिथं न उतरताच. त्याच्या वृत्तान्तातलं चहाचं झाड प्रामुख्यानं न्यूझीलंडमधलं आहे. १७७३ साली डस्की साउंड इथं त्याच्या लोकांनी ज्याची पानं चहासाठी आणि बिअरसाठी वापरली ते मानुका, म्हणजे वेगळ्याच प्रजातीचं झुडूप. कुकची साक्ष अशी गळून पडली तरी बुंदजालुंग लोकांची पडत नाही. मग परंपरेचा दावा खोटा कसा, असं कुणी विचारेल. दावा खोटा नाही, पण तो पानांविषयी आहे. ताज्या पानाच्या वजनात तेल साधारण एक ते दोन टक्के असतं. वाफेच्या भट्टीतून ते वेगळं काढलं की जे हाती येतं त्याची तीव्रता पानाच्या कितीतरी पट असते. पान शतकानुशतकं निर्धोक ठरलं म्हणून तेलही तसंच ठरेल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

तेलाचा खरा जन्म सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममध्ये झाला. तिथले रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी १९२०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या सुगंधी तेलांची एकामागून एक तपासणी केली आणि निष्कर्ष न्यू साउथ वेल्सच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. टी ट्री तेलाची जंतुनाशक शक्ती कार्बोलिक ॲसिडच्या ११ पट भरली. हा आकडा पुढे इतका गाजला की तो कसा काढला हे कुणी विचारेनासं झालं. त्यामागची रीडिअल-वॉकर कसोटी १९०३ सालची. टायफॉइडचे जंतू नळीत घ्यायचे, त्यांवर जंतुनाशकाचं द्रावण सोडायचं आणि तेवढ्याच वेळात तेवढेच जंतू मारायला कार्बोलिक ॲसिड किती लागतं याच्याशी तुलना करायची. त्या नळीत ना पू असतो, ना रक्त, ना कातडी. म्हणजे ‘११ पट’ हे काचेतलं सत्य होतं. माणसाच्या गालाबद्दल ते काहीच सांगत नव्हतं. तरीही पेनफोल्ड यांच्या शोधाला मोल होतं. १८६०च्या दशकात जोसेफ लिस्टरनं शस्त्रक्रियेत आणलेलं कार्बोलिक ॲसिड जंतूंबरोबर जिवंत कातडीही जाळत असे. जंतूंवर कडक पण कातडीवर सौम्य असं द्रव्य वैद्यकाला हवंच होतं. १९३० साली ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त ई. एम. हम्फ्री यांनी याच अपेक्षेनं त्याचं स्वागत केलं: पू धुऊन निघतो, घाण जखम स्वच्छ होते आणि आजूबाजूच्या भागाला इजा दिसत नाही.

त्या काळची दाढी आठवली म्हणजे या स्वागतामागची निकड कळते. प्रतिजैविकांच्या आधीच्या जगात वस्तऱ्याचा साधा काप ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. एकाच्या हनुवटीवरचे स्टॅफिलोकॉकस जंतू न्हाव्याच्या वस्तऱ्यावरून किंवा ब्रशावरून दुसऱ्याच्या हनुवटीवर जात आणि दाढीच्या केसांची मुळं पिकत. ‘न्हाव्याची खाज’ असंच या विकाराला इंग्रज म्हणत. भीती एवढ्यावरच थांबली नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना अँथ्रॅक्स झाला, काही दगावलेही. १९२० साली ब्रिटननं जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. ज्या दशकात पेनफोल्ड प्रयोग करत होते त्या दशकातल्या वाचकाला ‘जंतुनाशक’ हा शब्द आरशासमोर उभं असताना आठवत असणार. ऑस्ट्रेलियन एसेन्शियल ऑइल्स या कंपनीनं तेव्हा शुद्ध तेल ‘टी-ट्रॉल’ या नावानं आणि पाण्यात मिसळेल असं केलेलं तेल ‘मेलासॉल’ या नावानं बाजारात आणलं. या दुसऱ्या उत्पादनातून एक व्यावहारिक गोष्ट कळते: तेल पाण्यात विरघळत नाही आणि कातडीवर वापरायचं तर ते आधी कशात तरी नीट मिसळावं लागतं, हे बनवणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

मग हे सगळं विरलं कसं? तेल खरोखर गुणी असतं तर डॉक्टरांनी ते टाकलं नसतं, हा आक्षेप वजनदार आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या प्रथमोपचार पेटीत ते होतं आणि पानं तोडणाऱ्यांना सैन्यभरतीतून सूट होती, असं या उद्योगाच्या साहित्यात अभिमानानं सांगितलं जातं. त्यातलं किती खरं मानायचं ते मानावं, पण युद्ध संपता संपता त्याचा बाजार बसला हे नक्की. कारण उघड आहे. ॲडलेडमध्ये जन्मलेल्या हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटानं पेनिसिलीन औषध म्हणून उभं केलं आणि ऑस्ट्रेलियातच त्याचं उत्पादन युद्धकाळात सुरू झालं. रक्तात जाऊन जंतू गाठणाऱ्या औषधासमोर वरून लावायच्या तेलाचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं. पण तेलाच्या पिछेहाटीला दुसरंही कारण होतं आणि ते तेलाच्या घरचंच होतं. मजूर दलदलीत शिरून कोयत्यानं रानटी झाडांच्या फांद्या तोडत आणि तिथंच लाकडाच्या जाळावरच्या भट्टीत तेल काढत. एकाच प्रजातीच्या या झाडांत रासायनिकदृष्ट्या वेगवेगळे वाण आहेत. काहींच्या तेलात टर्पिनेन-४-ओल हे मुख्य जंतुनाशक द्रव्य भरपूर, तर काहींत निलगिरीच्या वासाचं सिनिओलच जास्त. भट्टीत कुठली झाडं गेली यावर बाटलीतला गुण ठरत असे. दर खेपेला वेगळं निघणारं औषध डॉक्टरांनी लिहून तरी कसं द्यावं? तेव्हा ते मागे पडलं याचा अर्थ ते निरुपयोगी होतं असा होत नाही. मोठ्या कामाला ते अपुरं होतं आणि छोट्या कामासाठी बेभरवशाचं होतं.

दुसरं आयुष्य १९७०च्या दशकात सुरू झालं. रसायनांवरचा विश्वास उडालेली आणि निसर्गाकडे ओढा असलेली पिढी तेव्हा ग्राहक म्हणून पुढे आली होती. न्यू साउथ वेल्समधल्या बंगावालबिनच्या दलदलीच्या परिसरातून १९७६ मध्ये थर्सडे प्लांटेशन या टी ट्री तेलाच्या कंपनीची सुरुवात झाली आणि पुढच्या दशकात रानातल्या तोडीची जागा रांगेतल्या लागवडीनं घेतली: जमिनीलगत यंत्रानं कापणी, बुंध्याला नवे फुटवे, पुन्हा कापणी. लागवडीमुळे वाण निवडता आला आणि मानक शक्य झालं. १९८५च्या ऑस्ट्रेलियन मानकानं आणि त्यामागून १९९६च्या आंतरराष्ट्रीय मानकानं टर्पिनेन-४-ओल किमान ३० टक्के आणि सिनिओल कमाल १५ टक्के अशा मर्यादा घातल्या. सिनिओल कातडीला झोंबतं हा समज मात्र पुरेशा पुराव्याविना पसरला होता. नंतरच्या चाचण्यांत तो टिकला नाही, पण ‘कमी सिनिओल’ ही जाहिरात कित्येक वर्षं चालली. नवी मागणी उभी राहिली ती भावनेवर, हे यावरूनही दिसतं. फरक एवढाच की या वेळी भावनेच्या मागोमाग चाचण्याही आल्या. सिडनीत १२४ मुरुमग्रस्तांवर झालेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ टक्के टी ट्री तेलाची तुलना मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधाशी, ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडशी, झाली. दोन्हींनी गुण आला. तेलाचा गुण उशिरा दिसला, पण आग आणि कोरडेपणा कमी झाला. या अभ्यासात औषधविरहित गट नव्हता, ही त्याची उणीव. ६० रुग्णांवर २००७ मध्ये झालेल्या इराणी अभ्यासानं औषधविरहित जेलशी तुलना करून ती भरून काढली आणि ५ टक्के जेल सरस ठरली. पर्थच्या विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी तेल जंतूच्या बाहेरच्या पटलाला खिंडार पाडून मारतं हे दाखवलं. सत्तर वर्षांनी का होईना, काचेतल्या आकड्याला कातडीवरचा पुरावा मिळाला. पण तो ५ टक्क्यांपुरता, मुरुमांपुरता आणि सावकाश येणाऱ्या गुणापुरता.

हा पुरावा दाढीला लावताना दाढीनं कातडीचं काय होतं ते वेगळं पाहावं लागतं. पातं केसांबरोबर कातडीचा वरचा मृत थरही खरवडतं आणि बारीक चिरा पाडतं. त्या चिरांतून जंतू शिरून मुळं पिकत असतील तर सौम्य प्रमाणातलं टी ट्री तेल उपयोगी पडणं शक्य आहे. मात्र ज्याला आपण दाढीनंतरच्या पुळ्या म्हणतो त्यातल्या पुष्कळशा जंतूंमुळे येतच नाहीत. कुरळा केस टोकदार कापला गेला की तो वळून पुन्हा कातडीत घुसतो आणि तिथं दाह होतो. त्यावर उपाय पातं कमी घासण्याचा, केसाच्या दिशेनं फिरवण्याचा, काही दिवस दाढी वाढू देण्याचा. जंतुनाशकानं केस सरळ होत नाही. काप लागून रक्त आलं तर तिथंही तेल कामाचं नाही. आपल्याकडचे न्हावी दाढीनंतर फिरवतात ती तुरटी कातडी आणि बारीक रक्तवाहिन्या आकसून रक्त थांबवते; ही क्रिया निराळी आहे आणि टी ट्री तेलात ती नाही. तोंड धुण्याच्या पाण्यात तेलाचे थेंब टाकण्याची युक्ती तर उलटी पडते, कारण न विरघळलेला थेंब तरंगत येऊन गालाच्या एकाच जागी जवळपास शुद्ध स्वरूपात बसतो, तोही नुकत्याच खरवडलेल्या कातडीवर. क्रीममध्ये किंवा दुसऱ्या सौम्य तेलात नीट मिसळलेलं असेल तरच त्या टक्केवारीला अर्थ.

नैसर्गिक वस्तूला इतकं मोजूनमापून कशाला घ्यायचं, असा शेवटचा आक्षेप उरतो. त्याचं उत्तर तेलाच्या रसायनातच आहे. हवा, उजेड आणि उष्णता लागली की त्यातले घटक ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि अस्कॅरिडोलसारखी द्रव्यं तयार होतात. टी ट्री तेलाची ॲलर्जी येते ती बऱ्याचदा ताज्या तेलापेक्षा अशा शिळ्या तेलानं. एकदा कातडीला ही ॲलर्जी जडली की पुढे अल्प प्रमाणही चालत नाही. पोटात गेल्यास हे तेल विषारी आहे आणि शुद्ध तेल थेट कातडीवर लावण्याविरुद्ध युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीनंही इशारा दिला आहे. याचा अर्थ तेल टाकाऊ आहे असा नाही. कोंड्यावर ५ टक्क्यांच्या शाम्पूनं, पायांच्या चिखल्यांवर याहून तीव्र द्रावणानं फरक पडल्याचे अभ्यास आहेत. अर्थात टाळू आणि तळपाय यांना जे सोसतं ते ताज्या दाढीच्या गालाला सोसेलच असं नाही. पहिल्या आयुष्यात या तेलावर जखमेतून वाचवण्याचं ओझं टाकलं गेलं, दुसऱ्यात रसायनांपासून सुटका करण्याचं. दोन्ही ओझी त्याच्या आवाक्याबाहेरची होती. मुरुमं थोडी कमी करणारं, हळू काम करणारं, योग्य टक्क्यात सौम्य आणि शिळं झालं की त्रासदायक असं एक मध्यम गुणाचं तेल, एवढीच शंभर वर्षांच्या पुराव्याची बेरीज आहे. म्हणून बाटली हातात घेताना ‘हजारो वर्षं’ आणि ‘११ पट’ या दोन्ही गोष्टी सोडून द्याव्यात. आत तेल किती टक्के आहे आणि बाटली कधी उघडली, हे दोन आकडे ठाऊक असले म्हणजे पुरे.