एका पैची चूक आणि आंकड्यांचें कोष्टक



संत एकनाथांची एक आख्यायिका आपणां सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेंत असतांना हिशेबाचें काम नाथांकडे होतें. एके रात्रीं ताळा जुळेना. एका पैचा फरक येत होता. नाथ सारी रात्र दिव्यापाशीं वही उघडून बसले, आणि चूक सांपडतांच आनंदानें टाळी वाजवून उठले. एक पै सांपडल्याचा एवढा आनंद, तर संसारांतली चूक सांपडल्यास केवढा होईल, असें स्वामींनीं तेव्हां म्हटलें म्हणतात. कीर्तनकार या कथेचा रोख परमार्थाकडे वळवितात, आणि तें योग्यच आहे. मी मात्र आज आपलें लक्ष नाथांच्या पुढ्यांतल्या त्या वहीकडे वेधणार आहें. त्या वहींत आंकडा कसा लिहीत, कोणत्या जागीं व कोणत्या मथळ्याखालीं मांडीत, आणि ती मांडणी बदलत बदलत आजच्या संगणकाच्या पडद्यावरील कोष्टकापर्यंत कशी आली, हा आजच्या भाषणाचा विषय. उदाहरणादाखल मीं हिंगोलीचा मुलूख घेतला आहे. कारण आंकडे लिहिण्याच्या इतक्या निरनिराळ्या तऱ्हा एका ठिकाणीं नांदलेला प्रदेश महाराष्ट्रांत विरळा.

प्रथम मोडी वहीचा विचार करूं. मोडी लिपीचा प्रचार देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, म्हणजे हेमाडपंत, यानें केला अशी परंपरा आहे. विद्वानांत त्याविषयीं मतभेद आहेत. त्या वहींत पूर्ण रुपये दशमान पद्धतीनें लिहीत, परंतु रुपयाचे भाग सोळांच्या मानानें पडत. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा व तीन पैंचा पैसा. म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै. सोळांचें हें मान आपल्याकडे फार जुनें. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावतीं’त सोळा पणांचा द्रम्म व सोळा द्रम्मांचा निष्क असेंच कोष्टक दिलेलें आहे.

हे भाग लिहिण्याची युक्ति मोठी सुबक होती. रुपयांच्या आंकड्यापुढें एक उभी रेघ ओढली कीं पाव रुपया, म्हणजे चार आणे. दोन रेघा म्हणजे अर्धा. तीन म्हणजे पाऊण. त्यापुढें बारीक तिरकी रेघ म्हणजे एक आणा. सात रुपये सहा आणे लिहावयाचे झाल्यास सातापुढें एक उभी व दोन तिरक्या रेघा. उभ्या रेघेचा भाग रिकामा असला, तर तो रिकामा आहे हें दाखविणारें एक वेगळें चिन्ह तेथें घालीत. कारण रिकामी जागा दिसली कीं पुढच्या हाताला तेथें रेघ ओढण्याचा मोह होतो. शून्याचें काम करणारें हें चिन्ह ज्याच्या मनांत आलें, त्याला हिशेबनिसाचा धर्म कळला होता. आंकड्याचें अर्धें मोल त्याच्या आकारांत असतें व अर्धें त्याच्या जागेंत, हाच तो धर्म.

आतां हिंगोलीकडे येऊं. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, वसमत व औंढा नागनाथ या पांच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून निराळा झाला. पण हा सारा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथें एकाच रकमेला तीन वेष घ्यावे लागत. गांवचें दप्तर मराठींत, मोडी अक्षरांत. संस्थानच्या कचेरीची भाषा १८८४ च्या सुमारापर्यंत फारसी व पुढें उर्दू. आणि हिंगोली गांवाला तर हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणी १९०३ पर्यंत होती. तिचा लष्करी कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातीं.

यांतील फारसी वळणाची ‘रकम’ ही आंकडेलेखनाची तऱ्हा आज बहुतेक विस्मृतींत गेली आहे. अरबी संख्यावाचक शब्दांचीं रूपें संक्षिप्त करीत करीत तीं चिन्हें बनलेलीं. त्या तऱ्हेंत शून्याला काम नसे. नऊ, नव्वद, नऊशें यांना निरनिराळीं चिन्हें. मोंगल अमदानीपासून दक्षिणेंतील राज्यांपर्यंत जमाखर्चाचीं दप्तरें याच चिन्हांत लिहिलेलीं आढळतात. तीं वाचण्यास शिकलेला कारकून पाहिजे, हा त्यांचा दोष. आणि एखादें शून्य वाढवून दहाचे शंभर करतां येत नसत, हा त्यांचा गुण. सोपा आंकडा सर्वांना वाचतां येतो, पण तो सर्वांना बदलतांहि येतो. ही अडचण आजहि संपलेली नाहीं.

चिन्हांइतकाच मथळ्याचा घोळ होता. संस्थानचें नाणें ‘हाली सिक्का’. ब्रिटिश हिंदुस्थानचें ‘कळदार’. संस्थानच्या उत्तरकाळांत सात हालींचे सहा कळदार असा भाव धरीत. म्हणजे कोष्टकांत नुसते ७०० लिहिले, आणि वरच्या मथळ्यांत हाली कीं कळदार हें लिहावयाचें राहिलें, तर शंभर रुपयांचें अंतर पडलें! सालाचेंहि तसेंच. संस्थानचें सरकारी वर्ष फसली. फसली सनांत वर्षाच्या आरंभींच्या महिन्यांना ५९० व पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावे, तेव्हां इसवी सन येई. १३५८ हा आंकडा शुद्ध, पण तो ज्या रकान्यांत उभा आहे त्या रकान्याचें नांव गळालें कीं वाचणारा सहाशें वर्षें मागें जाऊन पडतो.

संस्थान भारतांत विलीन झालें आणि एकीकरणाची लाट आली. १९४९ मध्यें घटनासमितींत राजभाषेचा वाद रंगला, तेव्हां हिंदी व देवनागरी यांच्याइतकाच कडाक्याचा वाद आंकड्यांवर झाला हें पुष्कळांना ठाऊक नसतें. १४ सप्टेंबर १९४९ रोजीं तडजोड ठरली, आणि घटनेच्या ३४३ व्या कलमांत संघराज्याच्या कामासाठीं ‘भारतीय अंकांचें आंतरराष्ट्रीय रूप’ स्वीकारलें गेलें. पुढें १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि त्याच सुमारास वजनें व मापें दशमान करण्यास आरंभ झाला. हैदराबादचा हाली रुपयाहि १९५९ पर्यंत व्यवहारांतून गेला. आणे जातांना थोडी कुरकुर झालीच. कारण एका आण्याचे सव्वासहा पैसे होत, आणि सव्वा पैशाचें नाणें नव्हतें. म्हणून एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तीन आण्यांचे १९ व चार आण्यांचे २५ असें कोष्टक लोकांच्या हातीं देण्यांत आलें. वहींत मात्र मोठी सोय झाली. पूर्वीं रुपये, आणे, पै असे तीन रकाने लागत. आतां एका टिंबानें काम भागूं लागलें.

परंतु याच टिंबानें एक नवा घोटाळा जन्माला घातला, आणि माझ्या भाषणाचा खरा मुद्दा येथेंच आहे. पैसे दशमान झाले, वजनें झालीं. शेतकऱ्याच्या बोलण्यांतली जमीन झाली नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावर हेक्टर व आर आले तरी घरांत, बांधावर व वाटणीच्या बैठकींत आजहि एकर-गुंठेच चालतात. चाळीस गुंठ्यांचा एकर. पण कागदावर लिहितांना पुष्कळजण एकर व गुंठे यांच्या मध्यें टिंब देतात. दोन एकर पंचवीस गुंठे म्हणजे २.२५. माणूस तें बरोबर वाचतो, कारण तें दशांशाचें टिंब नव्हे हें त्याला ठाऊक असतें. संगणकाला तें ठाऊक नसतें.

संगणकावर पत्रें, अहवाल व अर्ज लिहिण्याचें जें साधन असतें, त्याला वर्ड प्रोसेसर म्हणतात. त्यांत रेघा न आंखतां कोष्टक तयार होतें, आणि खालच्या चौकोनांत बेरीजहि आपोआप येते. समजा, तीन भावांच्या वांट्याला प्रत्येकीं पस्तीस गुंठे आले. टंकलेखकानें तीन वेळां ०.३५ लिहिलें. यंत्रानें बेरीज दिली १.०५. वाचणारा म्हणतो, एक एकर पांच गुंठे. वस्तुतः पस्तीस त्रिक एकशें पांच गुंठे, म्हणजे दोन एकर पंचवीस गुंठे! दीड एकर जमीन कोणी चोरली नाहीं, कोणी खोटें लिहिलें नाहीं. एका टिंबानें ती गिळली. बेरीज ३.९० आली असती, तर नव्वद गुंठे पाहून शहाणा माणूस थबकला असता, १.०५ मध्यें खटकण्यासारखें कांहींच नाहीं. म्हणूनच ही चूक घातक.

याच्याच जोडीला मथळ्याचा जुना घोळ पुन्हां उभा राहतो. एक गुंठा व एक आर हीं मापें जवळजवळ सारखीं. गुंठा सुमारें १०१ चौरस मीटर, तर आर बरोबर १०० चौरस मीटर. पण चाळीस गुंठ्यांचा एकर व शंभर आरांचा हेक्टर. म्हणून १.०५ हा आंकडा हेक्टरच्या मथळ्याखालीं एकशें पांच आर दाखवितो आणि एकरच्या मथळ्याखालीं पंचेचाळीस गुंठे. हाली-कळदाराचें भांडण संपलें, पण त्याचें भूत जमिनीच्या कोष्टकांत वस्तीला आलें आहे.

यंत्राच्या आणखी दोन-तीन खोडी आहेत. आंकड्यांचा रकाना म्हणून ठरविलेल्या चौकोनांत २.१० लिहिलें, तर शेवटचें शून्य निरर्थक समजून तें २.१ दाखविण्याचा संभव असतो. दहा गुंठ्यांचा एक गुंठा होण्यास तेवढें पुरे. अनुक्रमांक ००७ लिहिला तर ७ उरतो. गट क्रमांक व त्याचा पोटहिस्सा ५/२ असा लिहिला, तर कांहीं आज्ञावली त्याची तारीख करून टाकतात. स्वल्पविरामाचीहि गोष्ट तशीच. आपण १,२३,४५,६७८ असें लिहितों व एक कोटी तेवीस लक्ष असें वाचतों. यंत्राला परदेशी वळण दिलेलें असेल तर तें १२,३४५,६७८ असें मांडतें. आंकडे तेच, पण कोटी कोठें संपतो व लक्ष कोठें सुरू होतो हें डोळ्याला दिसेनासें होतें.

उपाय कठीण नाहीं. तो आपल्या जुन्या हिशेबनिसांना ठाऊक होता. एकर एका रकान्यांत, गुंठे दुसऱ्या रकान्यांत. जसे रुपये, आणे, पै. गुंठ्यांची बेरीज चाळीसांच्या वर गेली कीं हातचा एकराकडे न्यावा. माप मथळ्यांत लिहावें, आणि एका रकान्यांत एकच माप असावें. गट क्रमांकासारखे जे आंकडे मोजण्यासाठीं नसून ओळखण्यासाठीं असतात, त्यांचे चौकोन ‘मजकूर’ म्हणून ठरवावे, म्हणजे यंत्र त्यांस हात लावीत नाहीं. दशांश असतील तेथें सर्व ओळींत टिंबापुढें सारखींच स्थानें ठेवावीं व टिंबाखालीं टिंब येऊं द्यावें. पूर्णांक असतील तेथें उजवी कड जुळवावी. हिंगोलीच्या बाजारांत हळदीचा भाव क्विंटलमागें समजा एके दिवशीं ९,८५० व दुसऱ्या दिवशीं १४,५०० झाला, आणि दोन्ही आंकडे डाव्या कडेला चिकटवून लिहिले, तर नवाचा आंकडा एकाच्या डोक्यावर बसतो व घाईच्या नजरेला नऊच मोठे वाटतात. उजवी कड जुळली कीं एककाखालीं एकक येतो. पाटीवर बेरीज शिकविणाऱ्या पंतोजीनें पहिल्या दिवशीं सांगितलेलें तेंच हें.

जातां जातां एक आनंदाची गोष्ट सांगतों. जगांतील सर्व लिप्यांचीं चिन्हें संगणकांत घालण्याची युनिकोड नांवाची जी जागतिक व्यवस्था आहे, तिनें २००९ मध्यें पाव, अर्धा, पाऊण व आणे दाखविणाऱ्या आपल्या जुन्या रेघांना जागा दिली. रिकाम्या जागेच्या त्या चिन्हालाहि दिली. २०१४ मध्यें मोडी लिपी आली, आणि २०१८ मध्यें ‘रकमे’चीं चिन्हेंहि आलीं. म्हणजे मोडी वही व फारसी वळणाचें दप्तर हीं दोन्ही आज त्याच पडद्यावर लिहितां येतील, जेथें आपण ०.३५ लिहितों. यंत्र सर्व चिन्हें सांठवूं शकतें. त्यांचा अर्थ मात्र लिहिणाऱ्यानेंच मथळ्यांत सांगावा लागतो.

नाथांची ती रात्र पुन्हां डोळ्यांपुढें आणा. त्यांनीं चूक शोधली, कारण ताळा जुळत नव्हता. आपलें यंत्र असें कीं त्याचा ताळा नेहमींच जुळतो. तें चुकीच्या मापाचीहि बेरीज बिनचूक करतें. म्हणून जागरण करण्याची पाळी आतां यंत्राची नाहीं, आपलीच आहे. ज्या कागदावर तीन भावांची जमीन लिहिलेली आहे, त्यावर सही करण्यापूर्वीं एकवार बोटें मोजून बेरीज करावी. पस्तीस त्रिक एकशें पांच. एवढी एक टाळी आपल्यालाहि वाजवितां आली, तर पुढें भाऊ भावाशीं भांडणार नाहीं, आणि आजच्या या भाषणाचा हेतु सफल झाला असें मी समजेन.