निषिद्ध पाव आणि घरची भट्टी

घरी पाव भाजण्याचा आनंद आज आपल्याला इतका निर्व्याज वाटतो की, ज्या वस्तूच्या एका घासाने एके काळी माणसाची जात जात असे, तीच वस्तू आपण स्वहस्ते मळून मुलाबाळांच्या पानात वाढीत आहोत, याचे स्मरणही कोणास होत नाही.

1510 साली आल्बुकेर्कने गोवा जिंकून पोर्तुगीज अंमल बसविला, तेव्हा गव्हाच्या फुगीर पावावाचून ज्यांचे जेवण पुरे होत नसे अशी माणसे तांदळाच्या मुलखात येऊन राहिली. मिस्सेच्या विधीसाठी पावाची निकड भासली, असे पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु रोमन पंथाच्या त्या विधीतील भाकर बिनआंबवणाची असते, आणि म्हणून फुगलेल्या पावाची खरी निकड वेदीपेक्षा रोजच्या पानातच शोधली पाहिजे. युरोपातले किण्व (यीस्ट) येथे मिळेना, तेव्हा माडाने वाट दाखविली. पहाटे झाडावरून उतरलेली माडी काही तासांतच आपोआप फसफसू लागते. ती कणकेत पडली की गव्हातल्या चिवट द्रव्यात वायू कोंडून पीठ वर येते. साष्टी महालातील माजोर्डे गावाने ही विद्या प्रथम पाद्र्यांपासून घेतली, अशी तिथली परंपरा सांगते. आणि तेव्हापासून पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची, भट्टी ही गोव्याच्या गावगाड्याचे अंग झाली. मऊ पाव, कडक कवचाचा उंडा, कोंड्यात घोळलेली पोळी, बांगडीसारखे काकण, असे पावाचे नाना प्रकार झाले.

घाटावरच्या आणि कोकणातल्या हिंदू समाजाने मात्र या पदार्थापुढे दार लावून घेतले, आणि त्या काळच्या आचारधर्माच्या दृष्टीने पाहता त्यामागे तर्क नव्हता असे म्हणता येत नाही. परक्याच्या हातच्या पाण्यात भिजलेले पीठ, रात्रभर ठेवल्याने आलेले शिळेपण आणि वर मद्याचा संसर्ग, असे तीन दोष एकाच वस्तूत एकवटले होते. त्यात विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा लोकमुखी फिरू लागल्या, आणि पाव म्हणजे धर्मांतराची मोहोर अशी समजूत दृढ झाली.

म्हणूनच 1849 च्या सुमारास दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली, तेव्हा जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. ही सभा गुप्तपणे भरे, आणि 1860 च्या सुमारास सभासदांची नावे उघडकीस येताच ती मोडली, यावरून त्या घासाची किंमत कळते. पुढे 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याचे प्रकरण इतके विकोपाला गेले की, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्यास, म्हणजे सामाजिक बहिष्कारास, तोंड द्यावे लागले. या प्रकरणांचा आरंभ भूक भागविण्यात नव्हता. कोणाच्या हातचे खावे, हाच त्यातला वाद होता.

भट्टी घराबाहेर राहण्यास आणखी एक साधे कारण होते. आपली चूल भाकरीसाठी घडलेली. तिची आच खालून लागते, आणि पावाला तर चहूबाजूंनी सारखी धग हवी. शिवाय किण्व ताजे मिळणे दुष्कर होते: मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने माडीवर सरकारी पकड आवळली आणि 1949 च्या दारूबंदी कायद्याने ती अधिकच घट्ट केली. कालांतराने डबाबंद यीस्ट व विजेची भट्टी बाजारात आली, आणि तेव्हा कुठे सामान्य कुटुंबाला पाव घरी करणे शक्य झाले.

ज्याने तो एकदा केला आहे, त्यास त्याचे सुख सांगावे लागत नाही. मळताना हाताला चिकटणारी कणीक दहा-पंधरा मिनिटांनी अंग सोडून गुळगुळीत होते. फुगल्यावर बोट दाबले तर खड्डा सावकाश भरून येतो. आणि भाजलेला पाव उलटा धरून टिचकी मारली असता पोकळ नाद उमटतो, तो ऐकताच आत ओलसरपणा उरला नाही याची खूण पटते. या खुणा गोव्यातल्या पोदेराच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या आहेत.

ज्यांच्या हातचा पाव खाणे आपल्या पूर्वजांनी महापातक मानले, त्यांच्याच विद्येने आज आपले स्वयंपाकघर समृद्ध झाले आहे. तेव्हा वाचकहो, पाव घरी अवश्य करा; पण गावात पोदेराची लाकडाची भट्टी अजून पेटत असेल, तर आठवड्याचा काही पाव तिथूनच घ्या, कारण ती विझली तर ही विद्या पुन्हा कोणाकडून शिकायची, याचे उत्तर आपल्यापाशी नाही.