धर्मानंद कोसंबी आणि मांसाहाराचा प्रश्न

कोण काय खातो हे आपल्याकडे बहुधा जन्मानेच ठरलेले असते. तो का खातो, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही, आणि तोही स्वतःला विचारीत नाही. गोमंतकात तर ताट पाहून जात सांगावी अशी स्थिती दीर्घकाळ होती. धर्मन्यायालयाच्या अमलात, म्हणजे १५६० पासून पुढे, ताटावरून धर्मही ओळखला जाऊ लागला. नव्याने ख्रिस्ती झालेला मनुष्य डुकराचे मांस टाळतो काय, याकडे संशयाने पाहिले जाई. आणि १७३६ च्या प्रसिद्ध फर्मानात तर हिंदूंच्या रीतीने मिठावाचून भात शिजविण्यासही मनाई होती. भातातल्या चिमूटभर मिठाची दखल जेथे राजसत्ता घेते, तेथे आहार ही खाजगी आवड राहत नाही.

याच भूमीत सारस्वतांच्या मत्स्याहाराचा वादही शतकानुशतके चालला. मासळी खाणारा तो षट्कर्मी ब्राह्मण कसा, असा शेजारच्या ब्राह्मणांचा आक्षेप. आणि त्यावर सारस्वतांचे उत्तर म्हणजे महाभारताच्या शल्यपर्वातील कथा. बारा वर्षे अवर्षण पडले, ऋषी अन्नासाठी दशदिशांना पांगले आणि वेद विसरले. एकटा सारस्वत मुनी नदीतीरी राहिला. सरस्वती त्याला रोज मासे देई. त्यांवर त्याने देह तगविला आणि वेद राखले. पुढे साठ हजार मुनी त्या तरुणाचे शिष्य झाले. ही कथा केवळ सोयीची म्हणून बाजूस सारणे मला योग्य वाटत नाही. तिच्यात खाण्याला एक कारण दिलेले आहे, आणि ते कारण व्यक्तीचे आहे, जातीचे नव्हे. मासे का खाल्ले, तर विद्या जगवावयाची होती म्हणून. वंशजांनी मात्र कारण कथेत ठेवले आणि मासे ताटात घेतले. जगात सर्वत्र असेच होते.

अशा समाजात, सासष्टीतील सांखवाळ या गावी, ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने जो ठाव घेतला तो जन्मभर सुटला नाही. १८९९ च्या अखेरीस घर सोडून ते पुण्यास गेले; तेथून ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असे करीत १९०२ मध्ये सिंहलद्वीपात पोहोचले आणि तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. हा सारा प्रवास ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आहे व मराठी वाचकाला तो परिचित आहे. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले, हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी त्यांचे वारंवार जाणे झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात व नंतर गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. येथे आपल्याला प्रयोजन आहे ते त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या १९४०–४१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाशी, आणि त्यातही मांसाहाराच्या प्रकरणाशी.

या प्रकरणाचा आरंभबिंदू म्हणजे बुद्धाचे अखेरचे भोजन. पावा येथील चुंद लोहाराने बुद्धाला ‘सूकरमद्दव’ वाढले. बुद्धाने ते फक्त आपल्यालाच वाढावयास सांगितले, उरलेले पुरून टाकविले, आणि त्यानंतर तो अतिसाराने आजारी पडला. सूकरमद्दव म्हणजे काय? बुद्धघोषाच्या मते, फार कोवळे नाही व फार जून नाही अशा डुकराचे मांस. परंतु जुन्या टीकाकारांतच यावर एकमत नाही. कोणी त्याला गोरसात शिजविलेला मऊ भात म्हणतो, कोणी रसायन. कोणी डुकरांनी तुडविलेले बांबूचे कोंब, तर कोणी अळंबी. हा मतभेद कशामुळे उत्पन्न झाला, हे वाचकाच्या ध्यानी येईलच. शास्ता मांस खात होता हे ज्यांना बोलवेना, त्यांनी शब्दच मऊ करून घेतला. कोसंबींना अशा मऊपणाची आवश्यकता भासली नाही. बुद्ध व त्याचे भिक्षू भिक्षेत आलेले मांस घेत असत, असे त्यांनी सरळ लिहिले.

मला या कथेतील पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. मरणाच्या वाटेवर असताना बुद्धाला चिंता होती ती चुंदाची. आपल्या अन्नाने तथागताचा अंत झाला, ही टोचणी त्याला लागू नये म्हणून, बोधीपूर्वीची भिक्षा आणि परिनिर्वाणापूर्वीची भिक्षा या दोहोंचे पुण्य सारखेच, असे त्याला समजावून सांगावे, अशी आज्ञा त्याने आनंदाला केली. पात्रात काय होते याचा वाद अडीच हजार वर्षे चालला. वाढणाऱ्याच्या मनाची चौकशी मात्र जेवणाराच करून गेला.

विनयपिटकातील नियम पाहिले म्हणजे आहार आणि कारण यांची सांगड किती बारकाईने घातली होती हे दिसते. महावग्गात दहा प्रकारची मांसे भिक्षूंना वर्ज्य केली आहेत: मनुष्य, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, चित्ता, अस्वल व तरस. पण बंदी एक असली तरी कारणे निरनिराळी. हत्तीघोडे ही राजचिन्हे. दुष्काळात भिक्षूंनी ती खाल्ली असे राजाला कळले तर त्याचा रोष होईल. कुत्रा व साप लोकांना किळसवाणे वाटतात. भिक्षू लोकांच्या दारी उभा राहणार, तेव्हा लोकांची किळस त्याने जाणली पाहिजे. सिंहव्याघ्रांचे मांस खाणाऱ्याला अरण्यात त्याच प्राण्यांनी वासावरून गाठले, म्हणून ते वर्ज्य. आणि मनुष्यमांसाच्या नियमामागे वाराणसीच्या सुप्पिया उपासिकेची कथा आहे. आजारी भिक्षूला तिने मांसरस देऊ केला होता. त्या दिवशी बाजारात मांस मिळाले नाही, तेव्हा तिने स्वतःची मांडी कापून दिली. बुद्धाने दोष ठेवला तो त्या बाईवर नव्हे. हे कसले मांस, असे विचारल्यावाचून खाणाऱ्या भिक्षूवर. विचारल्यावाचून खाऊ नये, हा येथला खरा नियम. राजाचा रोष, लोकांची घृणा, जिवाचे भय आणि श्रद्धाळूची अतिरेकी भक्ती, इतकी वेगवेगळी कारणे एका यादीत नांदतात. दयेचा उच्चार तीत नाही.

दया येते ती सिंह सेनापतीच्या प्रसंगात. वैशालीचा हा लिच्छवी सेनापती आधी निर्ग्रंथांचा, म्हणजे जैन श्रमणांचा, उपासक होता. तो बुद्धाकडे वळला व त्याने संघाला भोजन दिले. बाजारातून तयार मांस आणविले होते. निर्ग्रंथ मात्र हात वर करून गल्लोगल्ली ओरडत फिरले की, सिंहाने गौतमासाठी मोठे जनावर मारले. आपण जिवावर बेतले तरी जाणूनबुजून प्राण्याची हत्या करणार नाही, असे सिंहाचे उत्तर. या प्रसंगी बुद्धाने त्रिकोटिपरिशुद्धीचा नियम घातला: आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर ते मांस भिक्षूने घेऊ नये, एरवी चालेल. देवदत्ताने पुढे मासे व मांस सर्वथा बंद करण्याची मागणी केली, तीही बुद्धाने मान्य केली नाही. भिक्षूने निवड करू नये, मिळेल ते घ्यावे, ही जुनी श्रमणवृत्ती देवदत्ताच्या कडक नियमापेक्षा त्याला अधिक निरहंकारी वाटली असावी. हा युक्तिवाद सर्वांना पटेल असे नाही. प्राणी माझ्यासाठी मारला नाही असे प्रत्येकाने म्हटले, तर तो मारला कोणासाठी? लंकावतारसूत्रकारांनी मांसभक्षणाचा कडक निषेध केला, तो ही पळवाट दिसल्यामुळेच.

येथवर कोसंबींवर कोणी रागावले नसते. बुद्धाने मांस खाल्ले म्हणून दुखावणारा समाज तेव्हा महाराष्ट्रात जवळजवळ नव्हताच. वाद पेटला तो त्यांनी हीच कसोटी जैन आगमांना लावली तेव्हा. भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात अशी कथा आहे की, गोशालाच्या तेजोलेश्येने महावीरस्वामी व्याधिग्रस्त झाले. त्यांनी आपल्या शिष्याला (त्याचेही नाव सिंहच) रेवती नावाच्या गृहिणीकडे पाठविले, आणि तिने त्यांच्यासाठी शिजविलेली दोन कपोते न आणता, शिळे असलेले कुक्कुटमांस आणावयास सांगितले. शब्दशः वाचले तर अर्थ उघड आहे. जैन परंपरा मात्र कपोत म्हणजे कोहळे व कुक्कुटमांस म्हणजे माहाळुंगाचा पाक, असा वनस्पतिपर अर्थ करते. याच सुमाराचे वाद आचारांग व दशवैकालिक यांतील भिक्षेच्या नियमांवरही आहेत. हर्मान याकोबीने १८८४ मध्ये आचारांगाचे भाषांतर केले तेव्हाच त्यांची ठिणगी पडली होती. कोसंबींनी शब्दशः अर्थ स्वीकारला. जैन समाज क्षुब्ध झाला, निषेध झाले, लेखकाच्या हेतूंविषयी शंका घेतल्या गेल्या.

या क्षोभाची थट्टा करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. ज्या समाजाने दोन हजार वर्षे अन्नातील सूक्ष्म जंतूंचाही विचार केला, सूर्यास्तानंतर जेवण वर्ज्य मानले, त्याला हे वाक्य वाचून काय वाटले असेल, हे मासे खाणाऱ्या गावातून आलेल्या विद्वानाला पुरते उमगणे कठीण. आणि परंपरेचा वनस्पतिपर अर्थ हा केवळ लपवाछपवी आहे असेही म्हणता येत नाही. वैद्यकात प्राण्यांची नावे वनस्पतींना पुष्कळ आहेत. तरीही कोसंबींचा मूळ मुद्दा ढळत नाही. प्राचीन श्रमण, मग तो बुद्धाचा असो वा महावीराचा, अन्न निवडीत नसे. त्या काळच्या ब्राह्मणांच्या यज्ञात गाईबैल मारले जात. आणि ज्यांनी त्या हत्येविरुद्ध पहिला आवाज उठविला ते हेच श्रमण. भिक्षेतील तुकडा त्यांनी नाकारला नाही म्हणून त्यांची अहिंसा उणी ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. निंदेसाठी लिहिणारा मनुष्य असे लिहीत नाही. पण वाद घालणाऱ्यांना महावीराच्या अहिंसेचा गौरव नको होता, त्याच्या पात्राची शुद्धी हवी होती.

ज्यांच्या विद्यापीठात कोसंबींनी काम केले, त्या गांधीजींची गोष्ट येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. राजकोटला मित्राच्या नादाने त्यांनी चोरून मांस खाल्ले ते इंग्रजांसारखे बलवान व्हावे म्हणून. विलायतेत ते टाळले ते आईपाशी केलेल्या प्रतिज्ञेमुळे; हिंदी लोक मांसाहारी व्हावेत ही इच्छा मनात तशीच होती. हेन्री सॉल्टचे पुस्तक वाचल्यानंतर प्रथमच त्यांनी शाकाहार स्वतः निवडला. तेथल्या शाकाहारी मंडळींत मांस या शब्दाच्या तीन व्याख्या चालत, आणि एकीत अंडी बसत होती. पण प्रतिज्ञा घेणाऱ्या आईच्या मनात जी व्याख्या होती तीच बंधनकारक, असे ठरवून त्यांनी अंडी सोडली. पुढे आजारात बकरीचे दूध घेताना मात्र, प्रतिज्ञा गाईम्हशींच्या दुधाची होती, हा शब्दार्थाचा आधार त्यांनी घेतला, आणि त्याची बोच जन्मभर बाळगली. शब्दाचा अर्थ आपल्या सोयीने लावल्याचे ज्याला कळते आणि सलते, त्याच्याशी वाद संभवत नाही.

१९३७ च्या सुमारास कोसंबींच्या प्रयत्नाने परळ येथे कामकरी व दलित वस्तीसाठी बहुजनविहार उभा राहिला. त्या वस्तीत मांसाहाराचा प्रश्न अगदी निराळ्या रूपाने आधीच उभा झालेला होता. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडा, असे आपल्या लोकांना सांगितले. यात अहिंसेचा संबंध नाही. मेलेल्या जनावराला कोणी मारलेले नसते. सोवळ्याचाही नाही. ते मांस खाणे हे गावाने लादलेल्या हीनत्वाचे चिन्ह होते, आणि ते सोडणे म्हणजे ते हीनत्व नाकारणे. भुकेल्या माणसाला फुकट मिळणारे अन्न सोडावयास सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. मेलेली जनावरे ओढणे सोडल्याने कातडी व शिंगे यांचे पाचशे रुपयांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब वृत्तपत्रातून मांडण्यात आला होता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली: ते उत्पन्न इतके मोलाचे असेल तर तुम्हीच जनावरे ओढा आणि ते घ्या, वर मी स्वतः आणखी पाचशे देतो, असे त्यांचे उत्तर होते. ही तयारी दाखवावयास कोणी पुढे आले नाही.

कोसंबींचे मन अखेरच्या वर्षांत पुन्हा जैन परंपरेकडेच वळले. महावीराच्याही आधीच्या पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म हाच अहिंसेचा मूळ झरा, अशी त्यांची धारणा झाली होती. प्रकृती ढासळली, इतरांना भार व्हावे असे त्यांना वाटेना, आणि १९४६ मध्ये त्यांनी जैन साधूंच्या सल्लेखनेप्रमाणे अन्नत्याग आरंभिला. गांधीजींच्या आग्रहावरून तो सोडला. पण पुढल्या वर्षी सेवाग्राम येथे पुन्हा अन्न वर्ज्य केले आणि जून १९४७ मध्ये तेथेच देह ठेवला. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले.